ताटातली अळिंबी आणि पेट्री डिशमधली अळिंबी

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या धिंगरी (ऑयस्टर मशरूम) लागवडीच्या लेखात एक ओळ होती : "अळिंबीत विकरे, म्हणजे एन्झाइम, भरपूर असतात आणि तिच्या अर्कात जिवाणूरोधक गुण आढळतात." त्या एका ओळीवर नाशिक जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रांमागे एकच समजूत दिसते, की ही द्रव्ये अळिंबी आपल्यासाठी बनवते. ती बनवते स्वतःसाठी. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. तिचे पांढरे जाळे पेंढ्यात शिरते, विकरे बाहेर सोडते, पेंढा बाहेरच पचवते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. असे उघड्यावर मांडलेले जेवण आजूबाजूचे जिवाणू पळवणारच. त्यांना हाकलण्यासाठी तिला दुसरी द्रव्ये लागतात. हे ध्यानात ठेवले की पुढची उत्तरे सोपी जातील.

बटन मशरूमचे पाकीट फ्रिजमध्ये ठेवले तरी दोन-तीन दिवसांत मशरूम तपकिरी पडतात. अळिंबी जर जिवाणूंना मारते, तर ती स्वतः का खराब होते? आणि तपकिरी झालेली खावी का?
— एक गृहिणी, नाशिक रोड

तपकिरी होण्याची कारणे दोन, आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. ती ओळखता आली पाहिजेत.

पहिले कारण विकराचे. बटन मशरूममध्ये टायरोसिनेज नावाचे विकर असते. अखंड पेशीत ते आणि फिनॉल जातीची द्रव्ये वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. टोपी दाबली गेली, सुरी फिरली, पाकीट आदळले की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तपकिरी रंग तयार होतो. कापलेले सफरचंद किंवा वांगे काळे पडते, तोच प्रकार. बोटाने टोपी हलकेच दाबून अर्धा तास ठेवा, बोटाचा ठसा उमटलेला दिसेल. असा डाग कोरडा असतो, वास बदललेला नसतो. ही अळिंबी खुशाल खावी.

दुसरे कारण जिवाणूंचे. स्युडोमोनास टोलासी हा जिवाणू टोपीच्या ओल्या पृष्ठभागावर वाढतो आणि पेशींच्या पडद्यांना भोके पाडणारे विष सोडतो. याचे डाग पिवळट-तपकिरी, किंचित खोलगट, ओलसर आणि हाताला चिकट लागतात. पुढे बुळबुळीत थर येतो, आंबूस वास येतो. ही टाकून द्यायची. उगवणाऱ्यांसाठी एक सूचना : पाणी मारल्यावर दोन-तीन तासांत टोप्या कोरड्या झाल्या नाहीत, तर हा रोग येणारच. पाणी कमी करण्यापेक्षा खोलीतली हवा खेळती ठेवणे जास्त उपयोगाचे.

ज्या अळिंबीच्या अर्काने प्रयोगशाळेत काही जिवाणू थांबतात, तीच अळिंबी दुसऱ्या जिवाणूमुळे सडते, यात विसंगती नाही. तिची द्रव्ये ठरावीक शत्रूंवर, ठरावीक प्रमाणात चालतात. सरसकट निर्जंतुक करणारे औषध ती नव्हे.

साठवणीचे सांगायचे तर पाकीट आणल्यावर वरचे प्लॅस्टिक काढा, मशरूम कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, आणि शिजवायच्या वेळीच धुवा. भोके नसलेले घट्ट प्लॅस्टिक कधीही ठेवू नये. तोडल्यानंतरही मशरूम श्वास घेत असते. बंद पाकिटातला ऑक्सिजन ती लवकर संपवते, आणि ऑक्सिजन नसलेल्या जागी बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू विष तयार करू शकतो. पाकिटाच्या फिल्मला बारीक भोके असतात ती याचसाठी. कापून ठेवायची झाल्यास लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून त्यात दोन मिनिटे बुडवा. आम्लामुळे टायरोसिनेज मंदावते, शिवाय त्याच्या केंद्रातले तांबेही सायट्रिक आम्ल बांधून ठेवते. बाजारात फार पांढरीशुभ्र मशरूम दिसली तर ती पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यातून काढलेली असू शकते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर अशी टाळावी, काहींना सल्फाइटने दम लागतो.

मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी धिंगरीचा अर्क तपासते आहे. पेट्री डिशमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीत, मिथेनॉलच्या अर्काने स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर १४ मिलिमीटरचे (जिवाणू न वाढलेले) वर्तुळ आले, ई. कोलायवर काहीच नाही, आणि पाण्याच्या अर्काने कशावरच नाही. मार्गदर्शक म्हणतात पुन्हा कर. चुकते कुठे?
— विद्यार्थिनी, गंगापूर रोड

कदाचित काहीच चुकत नसेल. पण १४ मिलिमीटरवर विश्वास ठेवण्याआधी बऱ्याच गोष्टी पाहाव्या लागतील.

सुरुवात अळिंबी कुठून आणली तिथून करा. आपल्याकडे घरगुती लागवडीत काड, म्हणजे पेंढा, निर्जंतुक करायला १०० लिटर पाण्यात साधारण ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिली फॉर्मेलिन घालून काड १८ तास बुडवून ठेवतात. फॉर्मेलिन जिवाणूंना मारते, कार्बेन्डाझिम बुरशीला. अशा काडावरच्या अळिंबीच्या अर्कात त्यांचा अंश उतरला, तर डिशवर दिसणारे वर्तुळ अळिंबीचे की औषधाचे, हे कोणीच सांगू शकणार नाही. प्रकल्पासाठी काड फक्त गरम पाण्याने, ८० अंशांवर तासभर, प्रक्रिया केलेले हवे. उत्पादकाला हे विचारून घ्या आणि प्रबंधात तसे लिहा.

मग अर्क. अळिंबीची फळे ४० अंशांवर पूर्ण वाळवा, दळा, १० ग्रॅम पूड १०० मिली मिथेनॉलमध्ये २४ तास हलवत ठेवा, व्हॉटमन क्रमांक १ च्या कागदातून गाळा आणि ४० अंशांवर रोटरी इव्हॅपोरेटरमध्ये मिथेनॉल उडवा. बहुतेक चुका इथे होतात. मिथेनॉल पूर्ण उडाले नाही तर ते स्वतःच वर्तुळ देते. सुकलेला अर्क वजन स्थिर होईपर्यंत डेसिकेटरमध्ये ठेवा, मग १० टक्के डीएमएसओ या द्रावकात १०० मिलिग्रॅम प्रति मिली असा विरघळवा. नियंत्रणासाठी नुसत्या १० टक्के डीएमएसओची विहीर (अगारमध्ये पाडलेला खड्डा) प्रत्येक डिशमध्ये हवीच, वेगळ्या डिशमध्ये चालणार नाही.

अर्काचा पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप, मोजा. अळिंबीत ऑक्झॅलिक आणि इतर सेंद्रिय आम्ले असतात. पीएच ४ च्या आसपास असेल तर वर्तुळ नुसत्या आंबटपणाचे असू शकते. अर्काचा एक भाग पीएच ७ ला आणून तोही लावा. वर्तुळ टिकले तर पुढे जाण्यात अर्थ आहे.

अर्क ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. अळिंबीवर बॅसिलस जातीचे जिवाणू असतात, त्यांचे बीजाणू वाळवूनही मरत नाहीत. पाण्याच्या अर्कात ते वाढून स्वतःच जिवाणूरोधक द्रव्ये सोडू शकतात.

मोजमापाची शिस्तही तपासा. म्युलर-हिंटन अगार (जिवाणू वाढवायची जेली) ९० मिलिमीटरच्या डिशमध्ये २५ मिली, म्हणजे थर सुमारे ४ मिलिमीटर. थर पातळ असला की वर्तुळ फुगते. जिवाणूंचे द्रावण ०.५ मॅकफारलंड इतके गढूळ, ६ मिलिमीटरची विहीर, तिच्या तळाला अगारचा एक थेंब टाकून बूड बंद केलेले, अर्क ५० मायक्रोलिटर. ३७ अंशांवर १८ ते २४ तास. तुमच्या १४ मिलिमीटरमध्ये विहिरीचे ६ धरलेत की नाही, हे स्पष्ट लिहा. अर्ध्याहून अधिक गोंधळ याच एका वाक्याअभावी होतो.

ई. कोलायवर काही न दिसणे अपेक्षितच आहे. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना एक जास्तीचा बाह्य पडदा असतो, बरीचशी द्रव्ये त्यातून आत जाऊच शकत नाहीत. म्हणून अळिंबीचे अर्क साधारणपणे स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर जास्त चालतात. आणि पाण्याच्या अर्कात मुख्यतः मोठे रेणू येतात, पॉलिसॅकराइड आणि प्रथिने. ते अगारमधून फारसे पसरतच नाहीत. वर्तुळ नाही म्हणजे गुण नाही, असा निष्कर्ष काढू नका.

म्हणून विहिरीची पद्धत फक्त चाळणीपुरती ठेवा आणि खरा आकडा ब्रॉथमध्ये, म्हणजे द्रव माध्यमात, काढा. ९६ खणांच्या प्लेटमध्ये अर्क दरवेळी निम्मा करत जा, प्रत्येक खणात जिवाणू प्रति मिली ५ लाख, १६ ते २० तास. अर्क गढूळ असल्याने डोळ्यांनी वाढ दिसणार नाही, तेव्हा रेझाझुरिन घाला : जिवंत जिवाणू असले की निळ्याचे गुलाबी होते. फक्त अर्क आणि रेझाझुरिन, जिवाणू नाहीत, असा एक खण ठेवायला विसरू नका, कारण अळिंबीतली फिनॉलसुद्धा रंग बदलू शकतात. मग निळ्या राहिलेल्या खणांतला थेंब नव्या अगारवर टाका. वसाहती आल्या तर अर्क जिवाणूरोधक, आल्या नाहीत तर जिवाणूनाशक. हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरू नयेत.

प्रमाणित जिवाणू पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून मिळतात. रुग्णालयातून आणलेले नमुने या प्रकल्पात आणू नका. आणि निकाल प्रतिजैविकाशेजारी मांडताना एकके नीट पाहा : प्रतिजैविके मायक्रोग्रॅममध्ये चालतात, कच्चे अर्क बहुधा मिलिग्रॅममध्ये. मधे हजाराचा फरक आहे.

अळिंबीतली विकरे पचनाला मदत करतात असे ऐकले. मग ती कच्ची खावी का?
— एक वाचक, सिडको

नाही. शिजवताना ७०-८० अंशांपुढे बहुतेक विकरे काही मिनिटांत निकामी होतात, आणि कच्ची खाल्ली तर जठरातले आम्ल आणि पेप्सिन त्यांना इतर प्रथिनांसारखेच तोडते. उलट कच्च्या अळिंबीच्या पेशीभित्तिका कायटिनच्या, पोटाला जड. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली शिटाके खाल्ल्याने काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठावेत तशा लाल रेघा उमटतात, याच्या नोंदी जपानमध्ये १९७७ पासून आहेत.

विकर खरेच काम करताना बघायचे असेल तर स्वयंपाकघरात एक उदाहरण आहे. माइताके ही जपानी अळिंबी कच्ची चिरून अंड्याच्या कस्टर्डमध्ये घातली तर कस्टर्ड जमतच नाही. तिच्यातले प्रोटिएज अंड्यातली प्रथिने तोडत राहते. आधी उकळून घेतलेली घातली की नीट जमते.

आमच्याकडे द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या ढिगाने निघतात, शिवाय जवळच्या वायनरीतून चोथा मिळतो. यावर धिंगरी घेता येईल का? लाकूड पचवणारी विकरे तिच्यात असतात ना?
— द्राक्ष उत्पादक, दिंडोरी तालुका

असतात, आणि हीच धिंगरीची खरी ताकद आहे. लाकडात सेल्युलोजभोवती लिग्निनचे आवरण असते. गाईम्हशींच्या पोटातले जिवाणूही ते आवरण नीट फोडू शकत नाहीत. धिंगरी लॅकेज आणि मँगनीज पेरॉक्सिडेज ही विकरे सोडून लिग्निन उघडते, मग सेल्युलेज आणि झायलनेज आतली साखर सोडवतात. द्राक्षाच्या काड्या आणि चोथा या दोन्हींवर धिंगरी वाढते, हे परदेशात करून पाहिलेले आहे. अडचणी मात्र आहेत, आणि त्या नाशिकच्या आहेत.

सगळ्यात मोठी अडचण फवारणीची. भुरी आणि डाउनीसाठी तुम्ही जी औषधे मारता, ती बुरशी मारण्यासाठीच बनवलेली आहेत, धिंगरीही बुरशीच. हंगाम संपल्यावरच्या खरड छाटणीच्या काड्यांवर हंगामभराच्या औषधांचा अंश असतो. बोर्डो आणि इतर ताम्र औषधांचे गणित वेगळे. लॅकेजच्या रेणूत तांब्याचे चार अणू असतात, त्यामुळे अगदी थोड्या तांब्याने लॅकेज वाढतेसुद्धा; जास्त झाले की जाळे थांबते. शिवाय अळिंबी जड धातू शोषून साठवते. म्हणून नुसत्या काड्यांवर घेऊ नका. काड्या चिपरमधून काढून दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा, पावसात किंवा पाण्याखाली धुऊन निघू द्या, आणि गव्हाच्या किंवा सोयाबीनच्या भुशात कोरड्या वजनाने चौथा हिस्सा मिसळा. विक्रीआधी उगवलेल्या अळिंबीचा अंश-तपास करून घ्या. द्राक्षाचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा तुम्हाला नव्या नाहीत.

चोथा दोन प्रकारचा असतो, हे वायनरीत विचारून घ्या. व्हाइट वाइनचा चोथा किण्वनाआधीच पिळलेला, त्यात साखर शिल्लक असते. ती यीस्टला आणि हिरव्या बुरशीला, म्हणजे ट्रायकोडर्माला, आमंत्रण. रेड वाइनचा चोथा किण्वन झाल्यावर निघतो, साखर नगण्य, टॅनिन जास्त. धिंगरीला हा दुसरा बरा. दोन्ही आंबट असतात, पीएच साधारण ३.५ ते ४. चुना मिसळून ६.५ ते ७ वर आणा. चोथा एकटा वापरला तर त्याचा गोळा होतो, आत हवा जात नाही, आंबून वास सुटतो आणि पिशवीच्या मधोमध काळा, ओला भाग राहतो. म्हणून हाही पाव हिश्शाच्या वर नको.

कृती अशी. भुसा आणि तुकडे १० तास भिजवा, ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा, निथळा. चोथ्यालाही वेगळी उष्णता द्या, नाहीतर त्यातले यीस्ट पिशवीत शिरेल. मूठभर मिश्रण घट्ट पिळल्यावर एक-दोन थेंब निघावेत, धार लागता कामा नये. ओल्या वजनाच्या ३ टक्के स्पॉन (अळिंबीचे बियाणे) थर देऊन पेरा, पिशवीला भोके पाडा, २४ ते २८ अंशांत अंधारात ठेवा. पंधरा ते वीस दिवसांत पिशवी पांढरी व्हावी. काड्यांचे तुकडे असतील तर आठवडाभर उशीर धरा.

वेळेचेही बघा. चोथा निघतो जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे पिशव्या फळावर येतात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. फ्लोरिडा जातीची धिंगरी त्या उष्णतेत दगा देते. करडी साजोर-काजू किंवा गुलाबी धिंगरी निवडा. नाहीतर चोथा वाळवून ठेवा आणि ऑक्टोबरात वापरा. पहिल्या खेपेला पाच पिशव्या मिश्रणाच्या आणि पाच नुसत्या भुशाच्या, एकाच दिवशी, एकाच स्पॉनच्या, शेजारी शेजारी. जाळे कुठे अडते ते दहाव्या दिवशीच कळेल.

वायनरीचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगतो. मण्यांवर येणारी करडी बुरशी, बोट्रायटिस, हीसुद्धा लॅकेज सोडते. अशा द्राक्षांची वाइन रंग टाकते, तपकिरी होते, आणि नेहमीच्या प्रमाणातल्या सल्फर डायऑक्साइडला हे लॅकेज फारसे दाद देत नाही. धिंगरीला जेवू घालणारे विकर दुसऱ्या बुरशीत तुमचा माल बिघडवते.

वापरून झालेल्या धिंगरीच्या पिशव्यांतून लॅकेज काढून रंगाचे सांडपाणी स्वच्छ करण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचा आहे. तीन वेळा केले, लॅकेज नगण्य मिळते.
— प्राध्यापक, सिन्नर

पिशव्या उशिरा घेत आहात. जाळे पसरत असताना लॅकेज वाढत जाते, पिशवी पूर्ण पांढरी होऊन टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसू लागेपर्यंत ते भरात असते, आणि फळे धरली की घटते. तेव्हा सेल्युलेज वर येते. तिसऱ्या तोडणीनंतरच्या पिशवीत थोडेच उरते. विद्यार्थ्यांसाठी दोन-तीन पिशव्या खास राखून ठेवा आणि कोंब दिसू लागताच फोडा.

५० ग्रॅम ओला भाग हाताने चुरा, २०० मिली थंड सोडियम ॲसिटेट बफरमध्ये, पीएच ५, ५० मिलिमोलर, तासभर हलवा. मिक्सर नको, फेस होतो, गरम होते. मलमलीतून पिळून गाळा, मग मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर १० मिनिटे सेंट्रिफ्यूज. सगळे बर्फात. दोन गोष्टी हमखास घात करतात : नमुना टिकावा म्हणून घातलेले सोडियम अझाइड, आणि बफरमधले मीठ. दोन्ही लॅकेजला अडवतात.

मोजण्यासाठी एबीटीएस (लॅकेजमुळे रंग येणारे रसायन) वापरत असाल तर ४२० नॅनोमीटरवर हिरवा रंग मोजा, शोषण-गुणांक ३६,०००. समजा एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये एकूण १ मिली, त्यात ०.१ मिली विकर, आणि शोषण मिनिटाला ०.३६ ने वाढले. ०.३६ भागिले ३६,००० म्हणजे लिटरला १० मायक्रोमोल. १ मिलीत ०.०१, ते ०.१ मिली विकराने केले, म्हणून ०.१ एकक प्रति मिली. उकळलेल्या विकराचे नियंत्रण हवेच. अर्कात हायड्रोजन पेरॉक्साइडचा अंश असला तर पेरॉक्सिडेजही एबीटीएसला रंग देते. कॅटलेज घालून एकदा मोजा, मग आकडा लॅकेजचाच असल्याची खात्री होईल.

एबीटीएस महाग पडत असेल तर वर्गात दाखवायला ग्वायकॉल उत्तम. बटाटा-डेक्स्ट्रोज अगारमध्ये ०.०२ टक्के ग्वायकॉल घालून मधे धिंगरीच्या जाळ्याचा तुकडा ठेवा. काही दिवसांत जाळ्याच्या पुढे पुढे विटकरी लाल कडे सरकत जाते. विकर बुरशीच्या बाहेर जाऊन काम करते, हे फळ्यावर लिहून जितके पटणार नाही तितके त्या कड्यावरून पटते.

रंग उडाला म्हणजे पाणी स्वच्छ झाले असे विद्यार्थ्यांना सांगू नका. काही रंग तुटल्यावर निघणारे तुकडे मूळ रंगापेक्षा घातक असू शकतात. त्या पाण्यात मेथीचे दाणे रुजवून साध्या पाण्यातल्या दाण्यांशी मुळांची लांबी ताडून बघायला लावा.

मशरूमच्या कॅप्सूल "नैसर्गिक अँटिबायोटिक" म्हणून विकायला आल्या आहेत. वय ६८, वारंवार लघवीचा संसर्ग होतो. घ्याव्यात का?
— ज्येष्ठ वाचक, इंदिरानगर

डॉक्टरांच्या औषधाऐवजी अजिबात नाही, काका. चालू असलेला कोर्स तर मुळीच सोडू नका. लघवीच्या संसर्गामागे बहुतेक वेळा ई. कोलाय असतो, आणि वर विद्यार्थिनीला सांगितले तेच इथेही लागू : त्याच्यावर अळिंबीचे अर्क फारसे चालत नाहीत.

अळिंबीच्या कुळातून खरे प्रतिजैविक मिळालेले आहे, म्हणून या जाहिरातींना धार येते. १९५१ साली अमेरिकेत कॅव्हनॉ, हर्वे आणि रॉबिन्स यांनी प्लुरोम्युटिलिन वेगळे केले. ते जिवाणूंच्या रायबोझोमला चिकटून त्यांचे प्रथिन बनवणे बंद पाडते. ज्या बुरशीतून मिळाले तिचे तेव्हाचे नाव प्लुरोटस होते, धिंगरीचे शास्त्रीय नावही प्लुरोटसच, म्हणून ते धिंगरीतले आहे असा समज पसरला. आज ती बुरशी क्लिटोपायलस गणात धरतात. मूळ द्रव्य माणसाला तसेच देता येत नव्हते. रेणूत बदल करून आधी जनावरांसाठी टायाम्युलिन आले, २००७ मध्ये त्वचेला लावायचे रेटापाम्युलिन, आणि पोटातून किंवा शिरेतून देण्याचे लेफाम्युलिन २०१९ मध्ये, तेही न्यूमोनियासाठी. डिशमधल्या वर्तुळापासून माणसाच्या गोळीपर्यंत ६८ वर्षे लागली. वाळवलेल्या अळिंबीची पूड भरलेली कॅप्सूल तिथे पोचलेली नाही.

भाजी म्हणून आठवड्यातून दोनदा खा, चांगलीच आहे.

रानातली अळिंबी लसणाबरोबर शिजवली आणि लसूण काळा पडला तर ती विषारी, असे आमच्याकडे मानतात. खरे का?
— शिक्षक, सुरगाणा

खरे नाही, आणि यावर विसंबणे जिवावर बेतते. लसूण किंवा कांदा काळवंडतो तो टायरोसिनेजसारख्या विकरांमुळे, आणि ती खाण्याच्या अळिंबीतही असतात, विषारीतही. चांदीचे नाणे टाकून बघण्याची रीतही तशीच फसवी; ते काळे पडते ते गंधकाच्या संयुगांनी. सर्वांत घातक विष, अमाटॉक्सिन, ना लसणाला कळते ना चांदीला, आणि शिजवून, वाळवून, उकळून जात नाही. उलट्या-जुलाब ६ ते २४ तासांनी सुरू होतात, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटते, आणि तेव्हाच यकृत निकामी होत असते. बरे वाटले म्हणून घरी थांबू नका. उरलेली अळिंबी, शिजलेली असली तरी, सोबत घेऊन थेट सिव्हिलला जा. जाणत्या माणसाने दाखवलेली, वर्षानुवर्षे त्याच वारुळावर येणारी ओळखीची अळिंबी सोडून दुसरी तोडू नये. मुलांना हे पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यातच सांगा.

आमचा बचत गट धिंगरीचे आणि बटन मशरूमचे लोणचे करतो. अळिंबी जिवाणूरोधक असल्याने टिकाऊ द्रव्य कमी घातले तर चालेल का? लेबलवर तसे लिहिले तर चालेल का?
— महिला बचत गट, पेठ तालुका

ताई, दोन्हींचे उत्तर "नाही, चालणार नाही" असेच आहे.

कैरी मुळातच आंबट असते. अळिंबीचा पीएच ६ च्या पुढे. बोटुलिझमचा जिवाणू ४.६ च्या वर वाढू शकतो, त्याचे बीजाणू उकळून मरत नाहीत, आणि वर तेलाचा थर म्हणजे त्याला हवी तशी ऑक्सिजनविरहित जागा. त्याच्या विषाला चव नाही, वास नाही. कैरीच्या लोणच्यात जे तेल रक्षण करते, तेच आंबटपणा नसलेल्या अळिंबीच्या लोणच्यात धोका वाढवते. म्हणून आंबटपणा मोजूनच करायचा.

एक किलो साफ केलेल्या मशरूमसाठी २ लिटर पाणी, २० ग्रॅम मीठ, २ ग्रॅम सायट्रिक आम्ल. उकळी आल्यावर मशरूम टाकून ५ मिनिटे. यात विकरे मरतात, रंग टिकतो आणि वजन साधारण तिसऱ्या हिश्शाने घटते. निथळा, सुती कापडावर दोन तास पसरा. ओले राहिले तर व्हिनेगर पातळ होईल. उरलेल्या सुमारे ६५० ग्रॅमला ४ टक्के ताकदीचे व्हिनेगर ३०० मिली ओता, रात्रभर मुरू द्या. मसाला आणि गरम करून गार केलेले तेल यानंतर. आधी तेल घातले तर तुकड्यांवर थर बसून आम्ल आत जात नाही.

भरल्यानंतर ४८ तासांनी एक बरणी उघडा. जाडातला जाड तुकडा, धिंगरीचा असेल तर देठाकडचा, तेल पुसून, खलबत्त्यात बारीक वाटा आणि त्या लगद्याचा पीएच मीटरने बघा. ४.२ किंवा खाली हवा. रसाचा पीएच मोजून भागत नाही, कारण रस लवकर आंबट होतो, तुकड्याचा गाभा मागून. आकडा वर आला तर त्या घाण्यातल्या सगळ्या बरण्यांत व्हिनेगर वाढवा, पुन्हा ४८ तासांनी मोजा. कागदी पट्टी हळदीच्या रंगाने चुकीचे दाखवते. छोटा मीटर घ्या, आणि दर घाण्याआधी पीएच ४ आणि ७ च्या बफरवर लावून घ्या.

लेबलवर घटक, वजन, तारीख, घाणा क्रमांक, परवाना किंवा नोंदणी क्रमांक आणि "उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा" हे हवेच. "जिवाणूरोधक", "संसर्गावर गुणकारी" असे काही लिहू नका. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घाणा क्रमांक मात्र वहीत पीएचच्या आकड्यासमोर लिहून ठेवा, म्हणजे एखादी बरणी परत आली तर कोणत्या दिवशीच्या बाकीच्या परत मागवायच्या ते लगेच कळेल.